लाईट गेली की राजकुमार

"मॅडम, तुमचं हे भूत इथून घेऊन जा," रामराव चोपडे फोनवर म्हणाले. "नाही तर मी तो टॅब हातोड्यानं फोडतो."

सुवर्णा गवई बुलढाण्याच्या घरात चहा गाळत होती. गाळणी हातातच राहिली.

"कोणतं भूत, भाऊ?"

"राजकुमार. प्रेसवर बोलून राह्यला. आत्ता, भर दुपारी. सगळी माणसं काम टाकून फाटकाबाहेर बसली."

राजकुमार भोपळे दिवाळीनंतर त्याच प्रेसमध्ये सापडून गेला होता. त्याच्या मरणाचं खापर ज्यांच्या डोक्यावर फुटायच्या बेतात होतं, त्यांत सुवर्णाचा नंबर पहिला होता. तिनं चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि मलकापूरची बस गाठली.

यंत्र अडलं की माणसानं काय करायचं, हे सोप्या मराठीत लिहून देणं हा सुवर्णाचा धंदा. यंत्र विकणारे इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक हातात ठेवून मोकळे होतात. ते पुस्तक पुढे ऑफिसातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जातं. सुवर्णा त्याचीच वेबपानं करायची, एका अडचणीला एक पान.

रामरावांच्या मलकापूरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, तिनं अशी मदतीची पानं बसवली होती. रुईच्या गठाणी, म्हणजे गासड्या, दाबून बांधणाऱ्या प्रेसजवळ एक टॅब लावला होता. प्रेस मध्येच थांबली की त्या अडचणीचं पान टॅबवर आपोआप उघडायचं. कामाच्या घाईत वाचत कोण बसणार, म्हणून प्रत्येक पानाला आवाज दिला होता. आवाज राजकुमारचा. प्रेस चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि आवाज असा खणखणीत की गणपतीत माइक त्याच्याच हाती असायचा.

मग एक दिवस गठाण अडकली. राजकुमार दार उघडून आत वाकला आणि प्रेस चालू झाली.

पोलिसांना ऑफिसात मदतीचं पान दाखवण्यात आलं. त्यावर लिहिलं होतं, दार उघडा, अडकलेली रुई काढा. मेन स्विच आधी खाली करा, हे वाक्यच नव्हतं. राजकुमारनं स्विच पाडलाच नाही, पानानं त्याला सांगितलंच नाही, असा सरळ हिशेब लागला. रामरावांनी त्याच दिवशी सुवर्णाचा पासवर्ड बंद केला आणि त्या पानाचा फोटो तिला मोबाईलवर पाठवला.

तिला आठवत होतं की स्विचचं वाक्य तिनं सगळ्यात आधी लिहिलं होतं. पण आठवणीला पुरावा कोण म्हणतं? जिनिंगची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून रामरावांनी तिला प्रत ठेवू दिली नव्हती. रोज तिला तेच वाटायचं. लिहिलं होतं. की लिहायचं राहिलं? एक वाक्य राहिलं आणि माणूस गेला, हे खरं निघालं तर पुढचं आयुष्य कसं काढायचं, हे तिला कळत नव्हतं.

राजूर घाट उतरताना बस नेहमीसारखी कण्हत होती. सुवर्णाला त्या आवाजातही राजकुमार ऐकू आला. तिनं खिडकी लावून घेतली.

फाटकाबाहेर बायामाणसं सावलीत बसली होती. आत कपाशीचे ढीग पडून होते. प्रेसच्या शेडमध्ये टॅबला कोणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. शेडच्या दाराशी, पोत्यावर, राजकुमारची बायको वंदना बसली होती.

"वहिनी, तुम्ही इथं?"

"रोजच येतो मी," वंदना म्हणाली. "लाईट गेली की तो बोलते. लाईट असली की नाही बोलत. मंग बसतो वाट पाहत."

सुवर्णा टॅबजवळ गेली.

"लाईट असताना टॅबवर काय येतं?"

"काहीच नाही. पांढरं. मेल्यावानी पांढरं."

सुवर्णा ऑफिसात गेली. तिथे तीन कॉम्प्युटर होते. एक मालकांच्या केबिनमध्ये, एक सुपरवायझर सागर नारखेडेच्या टेबलावर, आणि एक अश्वजित इंगळेचा. अश्वजित जिनिंगचा कॉम्प्युटरवाला. चाळिशीकडे झुकलेला, दोन पोरांचा बाप, पण चेहरा आज शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा झाला होता.

"पानांचं फोल्डर कुठून कुठून उघडतं?" सुवर्णानं विचारलं.

"तिन्ही कॉम्प्युटरवरून. पण सगळे मलेच पाहून राह्यले, ताई. कॉम्प्युटर म्हटलं की अश्वजित. काही झालं की अश्वजित."

"तू त्या पानाला हात लावला?"

"तुमच्या पानाले? नाही. तुम्ही शिकवतानी सांगितलं होतं ना, पानाचं नाव म्हणजे पोराचं नाव, बारशाले एकदा ठेवलं की ठेवलं. तवापासून मी त्याच्या वाटेले जात नाही."

"ते पान उघड."

त्यानं उघडलं. मजकूर तोच, मोबाईलवरच्या फोटोतला. फक्त मजकुराखाली प्रेसच्या दाराचं चित्र असायला हवं होतं, तिथे रिकामी चौकट होती.

"चित्र कुठं गेलं?"

"माह्या कॉम्प्युटरवर कधीच दिसलं नाही."

सुवर्णानं मोबाईल काढून रामरावांनी पाठवलेला फोटो पाहिला. त्यात चित्र स्वच्छ दिसत होतं. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि केबिनमध्ये गेली.

रामराव खुर्चीत कपाळ धरून बसले होते. "मॅडम, हंगाम चालू आहे. गाड्या परत चालल्या. ते बंद करा एकदाचं."

"करते, भाऊ. आधी मला सांगा, तुम्ही मला पानाचा फोटो पाठवला, तो कोणत्या कॉम्प्युटरवर काढला?"

"मी कुठचा काढतो? सागरनं काढून देल्ला, मी पुढं ढकलला. पोलिसायलेही त्यानंच दाखवलं."

"तुमच्या कॉम्प्युटरवर ते पान बघू?"

इथेही रिकामी चौकट.

"मेन स्विचच्या पेटीला कुलूप असतं ना?"

"असते ना. दोन चाब्या. एक प्रेसवाल्याकडं, एक सुपरवायझरकडं. पण राजकुमारची चाबी कधीचीच हरपली होती म्हणे. पेटी उघडीच राह्यची, असं सागरनं सांगितलं."

"पोलिसांना?"

"पोलिसायले. मलेही."

सागर नारखेडे आपल्या टेबलाशी उभा होता. राजकुमारचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एका वर्गात शिकले, एकाच दिवशी कामाला लागले. टॅबला लिंबू-मिरची त्यानंच बांधली होती. त्याचे डोळे सुजलेले होते, आणि ते नाटक नव्हतं, हे सुवर्णाला दिसत होतं.

"सागरभाऊ, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"फाटकावर. कपाशीच्या गाड्या लायनीनं लागल्या होत्या. आरडाओरडा आईकून पळत आलो."

"स्विच?"

"वरच होता, ताई. त्यानं पाडलाच नव्हता. पानावरच नाही तर पाडन कसा?"

"ते पान दाखवता मला?"

सागरनं फोल्डर उघडलं आणि त्यातल्या फाईलवर दोनदा टिचकी मारली. पान उघडलं. मजकुराखाली प्रेसच्या दाराचं चित्र होतं. स्वच्छ, चौकटभर.

सुवर्णा चित्राकडे बघत राहिली. मग तिची नजर फाईलच्या नावावर गेली. इंग्रजी अक्षरांत, मराठी शब्दांत: गठाण-अडकली-नवी.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"तुम्हीच ठेवलं असन. नाही तर अश्वजितनं. मले त्यातलं काय कळते?"

स्क्रीनवर मागे सागरच्या रोजच्या फाईली पसरल्या होत्या. हजेरी-नवी. हजेरी-नवी-खरी. गेटपास-नवी. एरवी सुवर्णाला हसू आलं असतं. आता तिनं एकेक नाव पुन्हा वाचलं.

"पानांसाठी फोटो कोणी काढले होते, आठवतं?"

"मीच काढले होते. तुम्हीच म्हणले, सागरभाऊ, तुमचा मोबाईल चांगला आहे."

"हो. मीच म्हणाले होते."

ती शेडमध्ये परत आली आणि वंदनाच्या शेजारी पोत्यावर टेकली. बाहेर चार-दोन माणसांनी रामरावांच्या शिव्यांना भिऊन जिनिंगची एक बाजू चालू केली होती. प्रेसही हळूहळू चालू होती, पण तिच्याजवळ कोणी उभं नव्हतं.

मग लाईट गेली.

यंत्रांची घरघर उतरत उतरत बंद झाली. प्रेस अर्ध्यावर थांबली. शेड अंधारली, आणि त्या अंधारात टॅब उजळला. त्याला कोणी हात लावला नव्हता.

"राजकुमार बोलतो. गठाण अडकली ना? घाबरू नको. पयले मेन स्विच खाली कर. पेटीले कुलूप लाव. चाबी खिशात टाक. मंगच दार उघड."

बाहेर कोणीतरी पळालं. वंदना उठून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि टॅबकडे तोंड करून थांबली. नवरा दारात आल्यावर बाई थांबते तशी.

सुवर्णाला रडू फुटलं. भीतीनं नाही. स्विचचं वाक्य होतं. तिनं लिहिलं होतं. आणि चाबीचं वाक्य तिचं नव्हतंच. आवाज भरताना राजकुमारनं ते स्वतःच्या मनानं घातलं होतं, आणि तिनं राहू दिलं होतं. ते ती साफ विसरून गेली होती.

डोळे पुसून ती म्हणाली, "वहिनी, दवाखान्यातून त्यांचं सामान मिळालं, त्यात काय काय होतं?"

"घड्याळ. पाकीट. अन् एक चाबी." वंदनानं कंबरेची गाठ सोडली. "घरातलं कोणतंच कुलूप तिनं उघडत नाही. तरी ठेवली जवळ. त्याच्या पॅन्टीच्या खिशात होती."

लहानशी पितळी चाबी होती. सुवर्णानं ती मुठीत घेतली.

लाईट यायच्या आधीच तिनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. रामराव आले. अश्वजित आला. सागर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बाहेरची माणसं लांबूनच माना काढून बघू लागली.

"भूत नाही," सुवर्णा म्हणाली. "हे माझं जुनं पान आहे. त्याचं नाव गठाण-अडकली. नुसतं. पुढे काही नाही."

"पण ते तं ऑफिसात नाहीच," अश्वजित म्हणाला.

"नाही. ऑफिसातून ते कोणीतरी पुसलं. आवाजासकट. त्याच्या जागी दुसरं पान केलं आणि नाव ठेवलं गठाण-अडकली-नवी. पानांच्या यादीला ते नवं पान जोडलं. पोलिसांनी यादीतून पान उघडलं की तेच दिसणार. पण प्रेसला काय माहीत, नवं पान आलं म्हणून? प्रेस अडली की टॅब जुन्याच नावानं हाक मारतो. ऑफिसात त्या नावाचं कोणी उरलं नाही. म्हणून पांढरं पान."

"मंग लाईट गेल्यावर काऊन बोलते?" रामरावांनी विचारलं.

"आपल्याकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून मी सगळी पानं टॅबमध्येही उतरवून ठेवली होती. पान आणि आवाज यांची जोडणी अशी केली होती की सगळं फोल्डर उचलून कुठेही ठेवलं, तरी पानाला आपला आवाज शेजारीच सापडावा. लाईट गेली की नेटची पेटी बंद. ऑफिस मिळत नाही, म्हणून टॅब स्वतःजवळचं पान काढतो. आणि लाईट गेली की प्रेसही अर्ध्यात थांबते, टॅबला वाटतं गठाण अडकली, म्हणून कोणी हात न लावता ते उघडतं. टॅब प्रेसला वायरीनं जोडलाय, आणि त्याची बॅटरी चालूच असते."

अश्वजितच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. "अन् टॅब रोज सकाळी ऑफिसातून नवीन पानं घेते. जुन्या नावाचं पान सापडलं नाही, म्हणून त्यानं आपलं जुनंच ठेवलं."

"तसंच मी सांगून ठेवलं होतं त्याला. सापडलं नाही तर पुसू नको." सुवर्णा थांबली. "ज्यानं हे केलं, त्यानं जुन्याच नावावर नवा मजकूर लिहिला असता, तर टॅबनं दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं उचलला असता. राजकुमारचा आवाज कायमचा गेला असता. माझी मलाच खात्री पटली असती की माझ्याच पानानं माणूस मारला. पण सवय जात नाही. बदल केला की त्याला फाईलच्या शेवटी नवी लिहावंसं वाटतं."

रामरावांनी मान वळवली. "कोणाले?"

"भाऊ, नव्या पानावरचं चित्र तुमच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. अश्वजितच्याही नाही. एकाच कॉम्प्युटरवर दिसतं. मी चित्र नेहमी पानाच्या शेजारी ठेवते आणि शेजारचा पत्ता देते. ज्यानं हे पान केलं, त्यानं चित्र आपल्याच कॉम्प्युटरच्या पोटात ठेवलं आणि पानाला तिथला पत्ता दिला. दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरनं शोधलं तरी ते सापडणार नाही. त्याला मात्र दर वेळी दिसत राहिलं. म्हणून चूक झाल्याचं त्याला कळलंच नाही."

अश्वजितनं दाराकडे वळून पाहिलं.

"सागरभाऊ," सुवर्णा म्हणाली, "राजकुमारची चाबी हरवली नव्हती."

तिनं मूठ उघडली.

सागर चाबीकडे बघत राहिला. हळूहळू खाली बसला, चौकटीला पाठ घासत.

"त्यांनी स्विच पाडला होता," सुवर्णा म्हणाली. "कुलूप लावलं होतं. चाबी खिशात टाकली होती. ते कुलूप उघडायला दुसरी एकच चाबी होती."

"गाड्या लागल्या होत्या," सागर म्हणाला. "लायनीनं. शेतकरी शिव्या देऊन राह्यले होते. मी पॅनलवर आलो, पाह्यलं तं स्विच खाली. मले वाटलं, याले जेवायले बसाचं असन म्हणून बंद केला. कुलूप उघडलं अन् वर केला. आत डोकावलंच नाही, ताई. दहा पावलं नाही गेलो. मंग आवाज आला."

"अन् मंग तू त्याच्या नावावर ढकललं," अश्वजित म्हणाला. "बे, तुहा दोस्त होता तो."

"म्हणूनच त्याचा आवाज पुसला," सागर म्हणाला. "तो सांगून राह्यला होता ना, स्विच खाली कर, चाबी खिशात टाक. जितक्या वेळा आईकलं असतं लोकायनं, तितक्या वेळा विचारलं असतं, मंग वर कोणी केला?" त्यानं तोंड गुडघ्यात घातलं. "अन् तरी बोललाच तो. लाईट गेली की बोलला. मले वाटलं, मलेच सांगून राह्यला. तवापासून झोप नाही मले."

रामरावांनी फोन काढला आणि पोलीस ठाण्याचा नंबर लावला. हंगामाचं नाव त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढलं नाही.

वंदना सागरसमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्याला शिवी दिली नाही.

"लोक म्हणे, राजकुमार स्वतःच्या हातानं मेला," ती म्हणाली. "माह्या पोरीले, पायलले, शाळेत पोरं म्हणे, तुहा बाप येडा होता. तू माह्या घरी येऊन जेवला, भाऊ. अन् आईकून घेतलं."



पोलीस सागरला घेऊन गेले, चाबीही पंचनाम्यात गेली, तेव्हा लाईट आली होती. रामरावांनी सुवर्णाचा पासवर्ड स्वतः अश्वजितकडून चालू करून घेतला. सुवर्णानं टॅबमधलं जुनं पान उचललं आणि ऑफिसात जुन्याच जागी, जुन्याच नावानं ठेवलं. सागरचं नवं पान पुराव्यासाठी वेगळं काढलं. अश्वजितनं टॅबवरची लिंबू-मिरची सोडली आणि प्रेस मुद्दाम अर्ध्यात थांबवली.

लख्ख उजेडात टॅब बोलला. "राजकुमार बोलतो. गठाण अडकली ना? घाबरू नको."

फाटकाजवळची माणसं या वेळी पळाली नाहीत. एकेक करून आत आली आणि उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

वंदनानं पोतं झटकून बाजूला ठेवलं.

"आता लाईट असतानी बी बोलन का तो?"

"हो, वहिनी. जेव्हा जेव्हा गठाण अडकेल तेव्हा."

"अन् पुसन तं नाही कोणी?"

"नाव तेच आहे. आता कोणी हात लावणार नाही."

वंदनानं पदर नीट केला.

"मंग मी घरी जातो," ती म्हणाली. "आता मले लाईट जायची वाट पाहा लागत नाही."